काट्यावरचा खरा आकडा

(उज्जैन येथील मराठी मंडळींच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी औषध देण्याचे काम जितक्या निष्ठेने केले, तितक्याच निष्ठेने औषध न देण्याचेही केले. गरज नसताना गोळी मागणाऱ्याला समजावून घरी पाठवायला वेळ लागतो. तो वेळ ते देत असत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत बोलायचे तर गरज नसलेल्या औषधावरच बोलावे, असे मला वाटले. म्हणून वजन उतरवण्याच्या नावाने विकली जाणारी हिरवी कॉफी, म्हणजे जिला बाजारात ग्रीन कॉफी म्हणतात, ती आज मी विषय म्हणून घेतली आहे.

पुडी लहान आहे, पण तिच्यामागची हकिकत मोठी आहे. बंगळुरातला एक प्रयोग, अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवरचा एक कार्यक्रम, लक्षावधी डॉलरचा दंड आणि शेवटी मागे घेतला गेलेला एक शोधनिबंध, एवढे सगळे त्या हकिकतीत येते. तिच्या मुळाशी मात्र एकच साधा प्रश्न आहे. माणसाला काट्यावर उभे केले तेव्हा जो आकडा दिसला, तोच वहीत उतरला का? आजचे माझे सगळे बोलणे या प्रश्नाभोवती आहे.

आधी हिरवी कॉफी म्हणजे काय ते पाहू. ही कॉफीची वेगळी जात आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चिकमगळूर, कोडगू, हासन या भागांत कॉफीची झाडे आहेत आणि देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातच पिकते. झाडाचे फळ पिकले की लाल होते. त्याचा गर काढला, आतल्या बिया वाळवल्या, वरचे टरफल काढले, की राहते ती करड्या-हिरव्या रंगाची, दगडासारखी कठीण बी. तिला वास येतो तो ओल्या गवताचा. ही बी भाजली की तपकिरी होते आणि आपल्या ओळखीचा कॉफीचा वास तेव्हा तिला येतो. न भाजलेली ती हिरवी कॉफी. कॉफीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात ती पूर्वापार पोत्यांनी पडलेली आहे. वजन उतरवणारी म्हणून तिची ख्याती अलीकडची आहे.

या बियांत क्लोरोजेनिक आम्ल नावाचे द्रव्य भरपूर असते. अरेबिकापेक्षा रोबस्टात ते जास्त. बी भाजली की त्यातला मोठा भाग नष्ट होतो, म्हणून न भाजलेल्या बियांचा अर्क काढून तो गोळीत भरतात. आता हे द्रव्य काही दुर्मीळ नाही. भरताचे वांगे चिरून ताटात ठेवले की थोड्याच वेळात त्याची कापलेली बाजू काळपट पडते. वांग्यातल्या याच आम्लाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि रंग बदलतो. म्हणून तर आपल्या घरातल्या बायका चिरलेली वांगी लगेच पाण्यात टाकतात. बटाट्यात हे द्रव्य आहे, सफरचंदात आहे, पेअरमध्ये आहे. म्हणजे आपण ते पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत.

मग वजनाशी त्याचा संबंध कोठून आला? यकृत रक्तात साखर सोडते तेव्हा एक विशिष्ट विकर काम करते. त्या विकराचे काम क्लोरोजेनिक आम्ल मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले. आतड्यातून साखर शोषली जाण्याचा वेगही त्याने थोडा कमी होत असावा, असे काही अभ्यासांतून वाटले. उंदरांवरच्या काही प्रयोगांत चरबी कमी साठली. एवढ्यावरून माणसांवर प्रयोग करून पाहावा असे वाटणे योग्यच होते. विज्ञानात शंकेला आणि कल्पनेला मोकळी जागा असतेच. पण परीक्षानळीतून उंदरापर्यंत आणि उंदरातून माणसापर्यंत येताना बहुतेक कल्पना वाटेतच गळून पडतात. गळणार कोणती आणि टिकणार कोणती, हे ठरवण्यासाठीच चाचणी असते.

२०११ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर येथील संशोधकांनी, ओनाकपोया, टेरी आणि अर्न्स्ट यांनी, हिरव्या कॉफीवरच्या माणसांवरील चाचण्या एकत्र करून तपासल्या. वजनाचे आकडे एकत्र मांडता येतील अशा तीनच चाचण्या त्यांना मिळाल्या. त्यांतून सरासरी सुमारे अडीच किलोचा फरक निघाला. पण चाचण्या लहान होत्या, थोड्या आठवड्यांच्या होत्या आणि त्यांच्या रचनेत दोष होते. निष्कर्षावर विसंबता येणार नाही, अधिक काटेकोर चाचण्या हव्यात, असे त्या तिघांनी स्पष्ट लिहिले. त्या वेळी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एवढेच होते. माणसे हिरव्या कॉफीने बारीक होतात असे म्हणायला पुरावा नव्हता, आणि शोध चालू ठेवायला हरकत नव्हती.

यानंतर बंगळुराची चाचणी येते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन येथे अप्लाइड फूड सायन्सेस नावाची कंपनी आहे. ती हिरव्या कॉफीचा अर्क बनवते. तिने २०१० मध्ये भारतातल्या संशोधकांना पैसे देऊन चाचणी करवून घेतली. चाचणीत जादा वजनाची सोळा माणसे होती, आठ पुरुष आणि आठ स्त्रिया. प्रत्येकाने आलटून पालटून तीन गोष्टी घ्यायच्या होत्या. सहा आठवडे मोठी मात्रा, रोज १०५० मिलिग्रॅम. सहा आठवडे लहान मात्रा, रोज ७०० मिलिग्रॅम. आणि सहा आठवडे दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. मध्ये दोन-दोन आठवड्यांची सुट्टी. असे एकूण बावीस आठवडे.

कागदावर ही रचना चांगली दिसते. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, त्यामुळे माणसे थोडी असली तरी काहीतरी कळू शकते. मात्र तिचा सगळा भार दोन नोंदींवर असतो. कोणी कधी काय घेतले, आणि काट्यावर आकडा किती आला. या दोन रकान्यांत गडबड झाली की उरते ती फक्त आकडेमोड.

हा निबंध भारतातून छापून येईना. तेव्हा कंपनीने अमेरिकेतल्या स्क्रँटन विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांकडून, जो विन्सन आणि ब्रायन बर्नहॅम यांच्याकडून, तो पुन्हा लिहवून घेतला. २०१२ मध्ये तो मधुमेह आणि लठ्ठपणा या विषयांच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातला दावा असा, की बावीस आठवड्यांत माणसांचे वजन सरासरी आठ किलोने उतरले. म्हणजे शरीराच्या वजनाच्या साडेदहा टक्के, आणि चरबी सोळा टक्क्यांनी कमी. आहार-व्यायामाची शिस्त असो वा नसो, गोळीने आठ किलो उतरतात, अशा थाटात कंपनीने तो आकडा मिरवला.

त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. मेहमेत ऑझ यांच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात हिरव्या कॉफीचे गुणगान झाले. ऑझ हे स्वतः हृदयशस्त्रक्रियेचे नामांकित डॉक्टर. पांढऱ्या कोटातल्या माणसाने जादू हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनातली शंका विरघळते. कार्यक्रमात पाहुणा म्हणून आलेल्या गृहस्थाने बोलावणे आल्यावर, भाग प्रसारित होण्यापूर्वीच, अर्क विकण्याची तयारी सुरू केली होती, असे पुढे अमेरिकी सरकारच्या तपासात निघाले. त्याच्या कंपन्यांनी २०१५ च्या जानेवारीत नव्वद लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्याआधी, २०१४ च्या जूनमध्ये, सिनेटच्या ग्राहकसंरक्षण उपसमितीपुढे सिनेटर क्लेअर मॅकस्किल यांनी डॉ. ऑझ यांना जाब विचारला. आपण या उत्पादनांबद्दल अलंकारिक भाषा वापरली, आणि आपले दावे वैज्ञानिक कसोटीवर वस्तुस्थिती म्हणून उभे राहणार नाहीत, हे त्यांनी तेथे मान्य केले.

आता मुख्य गोष्ट. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अप्लाइड फूड सायन्सेस कंपनीवर तक्रार दाखल केली आणि कंपनीने पस्तीस लाख डॉलर भरून तडजोड केली. आयोगाचे आरोप वाचताना मन विषण्ण होते. चाचणीच्या प्रमुख संशोधकाने माणसांची वजने आणि इतर महत्त्वाची मापे वारंवार बदलली. चाचणीचा काळ बदलला. कोण औषध घेत होते आणि कोण प्लासिबो, याच्या नोंदीही चुकीच्या दिल्या. परस्परविरोधी आकडे समोर आले असताना कंपनीने आणि अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी त्यांचा खरेपणा तपासून पाहिला नाही. पुढच्याच महिन्यात विन्सन आणि बर्नहॅम यांनी निबंध मागे घेतला. चाचणीचे प्रायोजक आकड्यांच्या खरेपणाची हमी देऊ शकत नाहीत, हे त्यांनी कारण दिले.

बंधुभगिनींनो, क्षणभर येथे थांबू. बंगळुरात सोळा माणसे काट्यावर उभी राहिली होती. त्यांतल्या प्रत्येकाने वेळ दिला, गोळ्या घेतल्या, आपल्यामुळे पुढच्या माणसाला उपयोग होईल असे मनात धरले. त्यांच्या शरीराने जे सांगितले ते वहीत तसेच राहिले नाही, असा हा आरोप आहे. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय त्या सोळा जणांवर झाला. त्यानंतरचा अन्याय झाला लक्षावधी गिऱ्हाइकांवर. आणि तिसरा, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या भारतीय संशोधकांवर, कारण अशा एका प्रकरणाने सगळ्यांच्या नोंदींकडे जग संशयाने पाहू लागते.

नोंदीचे मोल उज्जैनच्या माणसाला वेगळे सांगायला नको. भारतीय ज्योतिर्गणिताने आपली मध्यरेषा या शहरातून नेली. माळव्याचा कारभार सवाई जयसिंगांकडे होता तेव्हा त्यांनी येथे वेधशाळा उभारली. पुढे तिची पडझड झाली. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तेथे अधीक्षक म्हणून काम पाहिले. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत तेथल्या सम्राट यंत्राची सावली पाहिली असेल. त्या यंत्रावर वीस सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. पण वाचलेली वेळ आपल्या मनगटी घड्याळाशी जुळत नाही. एक तर उज्जैनचा मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटे मागे असतो, आणि वर सूर्याच्या गतीमुळे दर दिवसाचा फरक वेगळा पडतो. म्हणून तारखेनुसार किती मिनिटे मिळवायची, याचा तक्ता तेथे सर्वांना दिसेल असा लावलेला असतो.

वेध घेण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. आधी जे दिसले ते जसेच्या तसे मांडायचे. दुरुस्ती करायची असेल तर किती केली आणि का केली, ते सर्वांसमोर लिहायचे, म्हणजे दुसरा कोणीही येऊन ताडून पाहील. औषधाच्या चाचणीचीही शिस्त हीच आहे. बंगळुराच्या चाचणीवरचा आक्षेप असा, की तेथे दुरुस्ती झाकून झाली.

आता हीच गोष्ट आपल्या दारात कशी येते ते सांगतो. आमच्या नात्यातल्या एक काकू दिवाळीच्या आधी माझ्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी डबा काढला आणि विचारले, हे घेऊ का? सुनेने मागवले होते, पण सांगताना त्यांचा आवाज उगाचच खाली आला होता. आम्ही दोघांनी तो डबा उजेडात धरून वाचला. पुढच्या बाजूला कंबरेभोवती टेप धरलेली सडपातळ बाई. खाली ठळक अक्षरांत, वजन नियंत्रणास साहाय्यक. बाजूला चौदा आकड्यांचा अन्नसुरक्षा परवाना क्रमांक. मागच्या बाजूला भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत दोन ओळी. पहिली, हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही. दुसरी, परिणाम व्यक्तीनुसार भिन्न असू शकतात. काकू म्हणाल्या, "अरे, मग पुढे बाई कशाला छापली?" त्यांच्या प्रश्नात सगळा मुद्दा आला.

त्या परवाना क्रमांकाचा अर्थ नीट समजून घ्या. तो पाहून पुष्कळांना वाटते, सरकारने ही वस्तू तपासली आणि हिने वजन उतरते असा दाखला दिला. तसे काही नाही. उत्पादकाची नोंद आहे आणि त्याने अन्नाचे नियम पाळायचे आहेत, एवढेच तो क्रमांक सांगतो. औषधाला बाजारात येण्यापूर्वी परिणामकारकता सिद्ध करावी लागते. अन्नपूरकाला तशी अट नाही.

आपल्या देशात या विषयावर कायदा नाही असे नाही. १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आजही लागू आहे. ज्या व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात करता येत नाही, त्यांची त्यात यादी आहे आणि लठ्ठपणा त्या यादीत आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या लोकप्रतिनिधींना ही नस बरोबर सापडली होती. पण त्या कायद्याच्या औषधाच्या व्याख्येतल्या एका कलमातून अन्न वगळले आहे. म्हणून तीच वस्तू अन्नपूरक म्हणून विकली, की भाषा थोडी सौम्य करून जाहिरात पुढे सरकते. बरे करते असे म्हणायचे नाही, मदत करते असे म्हणायचे. तरीही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या ग्राहकसंरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरण आले, आणि जाहिरातीत चेहरा देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनाही आता जबाबदार धरता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो लिहून घ्या. तक्रार करणारे पुढे आले तरच कायदा हलतो.

कोणी म्हणेल, उपयोग नसेल, पण अपाय तरी कोठे आहे? थोडा आहे, आणि कधी कधी मोठाही आहे. हिरव्या कॉफीत कॅफिन असते. ज्यांना धडधड होते, झोप लागत नाही, रक्तदाब चढा आहे, पित्ताचा त्रास आहे, त्यांनी रिकाम्या पोटी ती घेणे बरे नव्हे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर कोणतेच अन्नपूरक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तोंडाने काय काय जाते, ते सगळे आपल्या डॉक्टरांना माहीत असले पाहिजे.

याहून मोठा धोका भेसळीचा. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध हृदयावरच्या दुष्परिणामांमुळे भारताने २०११ मध्ये बंद केले. पण वजन उतरवण्याच्या कॉफीत आणि वनस्पतिजन्य म्हणवणाऱ्या गोळ्यांत तेच औषध गुपचूप मिसळलेले सापडले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला त्याबद्दल लोकांना पुन्हा पुन्हा सावध करावे लागले. तेव्हा एखाद्या पुडीने खरोखरच पटापट वजन उतरू लागले, तर आनंद मानण्याआधी ती पुडी डॉक्टरांना दाखवा.

आता मला त्या काकूंच्या खाली आलेल्या आवाजाकडे यायचे आहे. जाड माणसाला आपण फार बोलतो. लग्नाच्या पंगतीत बोलतो, बाळंतिणीला पाहायला जाऊन बोलतो, मुलगी पाहायला आलेले बोलतात, शाळेत पोरे पोरांना बोलतात. जाडी म्हणजे आळस आणि खादाडपणा, असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. अशा वातावरणात कोणी गुपचूप गोळी देऊ करतो, तेव्हा माणूस ती गोळी आशेने घेतो. घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. त्याला लाजवणाऱ्यांत आपण सगळे आहोत.

आपल्या जुन्या वैद्यांची समज याबाबतीत आपल्याहून खोल होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय अष्टौनिंदितीय या नावाचा आहे. त्यात अतिस्थूल माणसाचा विचार आहे. जड-गोड अन्न, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप या कारणांबरोबरच चरकांनी बीजस्वभावही सांगितला आहे, म्हणजे आईबापांकडून येणारा वारसा. शिवाय स्थूलाची चिकित्सा कृशापेक्षा अवघड, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. उपाय सांगितला तो जव, मूग, कुळीथ अशा आहाराचा, श्रमाचा, आणि हे सगळे हळूहळू वाढवत नेण्याचा. आठ किलोचे आश्वासन त्यात नाही.

आधुनिक काळात लठ्ठपणाचे हे कोडे उलगडण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एकत्र छायाचित्र आले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला किरकोळ भारतीय माणूस आतून चरबीने भरलेला असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत वर्षानुवर्षे बाळंतपणे आणि बाळे मोजून हाच धागा आईच्या पोटापर्यंत नेला. स्वतःच्या शरीराचा आकडा जगासमोर उघड मांडणारा हा शास्त्रज्ञ आणि आकडे बदलल्याचा आरोप झालेली ती चाचणी, दोन्ही याच देशातली आहेत. आपण कोणाचा आदर्श मुलांसमोर ठेवायचा, हे आपल्या हातात आहे.

याज्ञिकांच्या त्या चित्रातून आपल्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट निघते. आपल्याकडे नुसते वजन पाहून भागत नाही, पोट पाहावे लागते. पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींवर निघाले, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली माणसे तेरा कोटींवर. पोट सुटलेली माणसे शंभरात एकोणचाळीसच्या वर. सकाळचे पोहे-जिलबी, वरून शेव, सणावाराला तुपात बुडवलेले दाल-बाफले हे आपले माळव्याचे वैभव आहे. ते सोडा असे मी म्हणत नाही. पण पूर्वी ते खाणारा माणूस दिवसभर चालत असे, आणि बाफले रोज होत नसत.

मग खरोखर काय उपयोगी पडते? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. नियमित चालणे आणि आहारातला साधा बदल एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाने घट झाली २६.४ टक्के. म्हणजे चालण्याने गोळीइतकेच काम केले.

ज्यांचे वजन खरोखर आजाराच्या पातळीवर आहे, त्यांच्यासाठी आता परिणामकारक औषधेही आली आहेत. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ माणसे होती. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले, प्लासिबो घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. मळमळ, उलटी, जुलाब हे त्रासही त्याच निबंधात नोंदलेले आहेत. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले, हेही पुढे त्याच संशोधकांनी प्रसिद्ध केले. आपल्याच औषधाची उणी बाजू छापून दाखवावी लागणे, ही खऱ्या चाचणीची खूण आहे. अर्थात ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणी घेऊ नयेत.

हिरव्या कॉफीवर पुढेही छोट्या चाचण्या होत राहिल्या. फरक आढळला तेथे तो थोडका आढळला. उद्या एखादी मोठी, स्वच्छ चाचणी होऊन त्यात चांगला परिणाम दिसला, तर मी याच व्यासपीठावर येऊन तसे सांगेन. माझे भांडण बीशी नाही. आवडत असेल तर जरूर प्या. पण ती पेय म्हणून प्या आणि पेयाच्याच किमतीला घ्या.

शेवटी तुमच्याकडे माझी मागणी आहे. वजन उतरवण्याचे काहीही विकत घेण्याआधी विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा. किती माणसांवर पाहिले? किती दिवस पाहिले? तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळीशी तुलना केली का? आणि चाचणीचा खर्च कोणी केला? उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे खिशात ठेवा.

समोर बसलेल्या तरुणांना, विशेषतः वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना, आणखी एक सांगतो. उद्या तुमच्यातला कोणी चाचणीची वही सांभाळत असेल. वरचा माणूस म्हणेल, हे ७८ आहे ते ७६ कर, काय फरक पडतो? त्या क्षणी तुमच्यासमोर रुग्ण नसेल, फक्त रकाना असेल. बंगळुरातल्या अशाच रकान्यांवर पुढे देशोदेशींच्या माणसांनी विश्वास ठेवून पैसे मोजले. तेव्हा ७८ ला ७८ च लिहा, खाली सही करा, आणि बदलायला सांगणाऱ्याचे नावही लिहून ठेवा.